भुतांचे हॉटेल आणि हरवलेला सूर

भूत आणि स्थावर मालमत्ता यांच्या संबंधाकडे अर्थशास्त्राने अद्याप म्हणावे तसे लक्ष दिलेले नाही. राहत्या घरात भूत असल्याची वदंता पसरली की घराची किंमत उतरते, भाडेकरू फिरकेनासा होतो आणि वर्षानुवर्षे कोर्टात भांडणारे वारसदार एकाएकी एकमेकांच्या बाजूने हक्क सोडू लागतात. तेच भूत एखाद्या हॉटेलात निघाले की खोलीचे भाडे चढते, आगाऊ नोंदणी सुरू होते आणि व्यवस्थापन त्या भुताच्या नावाने माहितीपत्रक छापून घेते. घरात माणसाला झोप हवी असते आणि हॉटेलात आलेल्या माणसाला घरी परतल्यावर चारचौघांत सांगण्याजोगे काहीतरी हवे असते, एवढाच या दोन किमतींतला फरक आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात एस्टीस पार्क येथे असलेल्या स्टॅन्ली हॉटेलात कादंबरीकार स्टीफन किंग १९७४ मध्ये उतरले आणि त्या मुक्कामातून ‘द शायनिंग’ ही कादंबरी निघाली, तेव्हापासून त्या हॉटेलाने आपल्या भुतांकडे कधीही अडचण म्हणून पाहिलेले नाही. तेथे भुतांच्या सहली निघतात आणि त्यांना तिकीट असते. स्टॅन्ली क्युब्रिक यांनी १९८० मध्ये याच कादंबरीवर चित्रपट केला, तेव्हा बाह्यदृश्यांसाठी वापरलेल्या ओरेगॉन राज्यातील टिंबरलाइन लॉजच्या चालकांनी, पुढे कोणी २१७ क्रमांकाच्या खोलीत राहायला धजावणार नाही या भीतीने, पडद्यावर कादंबरीतला तो क्रमांक बदलून आपल्याकडे नसलेला २३७ हा क्रमांक वापरण्याची विनंती केली. ती मान्य झाली, आणि आज त्याच लॉजच्या सांगण्यानुसार तेथे येणारे पाहुणे इतर कोणत्याही खोलीपेक्षा २१७ क्रमांकाचीच मागणी अधिक करतात.

भीती विकता येते आणि तिचे गिऱ्हाईक पैसे मोजून येते, हे व्यापारी सत्य ज्या चित्रपटाच्या कथानकाचा पायाच आहे, तो चित्रपट तिकीटखिडकीवर मात्र साफ पडावा, हा योग दुर्मीळ म्हणावा लागेल. नील जॉर्डन यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला ‘हाय स्पिरिट्स’ १८ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि तेथे त्याने ८६ लाख डॉलरच्या आसपास कमाई केली. त्याच वर्षी मार्चमध्ये आलेल्या टिम बर्टन यांच्या ‘बीटलजूस’ या भुतांच्याच विनोदी चित्रपटाने सात कोटींहून अधिक डॉलर मिळवले होते, हे लक्षात घेता प्रेक्षकांना भुते नको होती किंवा भुतांवर हसायचे नव्हते, असा बचाव करण्यास वाव राहत नाही.

कथानक थोडक्यात असे. आयर्लंडमधील एका पडक्या किल्ल्याचा कर्जबाजारी धनी पीटर प्लंकेट (पीटर ओटूल) हा आपला किल्ला हॉटेल म्हणून चालवतो, किंवा अधिक अचूक सांगायचे तर, चालत नसताना उघडा ठेवतो. ज्याचे कर्ज त्याच्या डोक्यावर आहे तो ब्रोगन नावाचा अमेरिकन धनिक किल्ल्याचा दगड न दगड उचलून कॅलिफोर्नियातील मालिबूला नेण्याच्या आणि तेथे करमणुकीची बाग उभारण्याच्या बेतात आहे. प्लंकेट गळफासाच्या तयारीत असताना त्याच्या म्हाताऱ्या आईच्या भूतविषयक बोलण्यातून त्याला कल्पना सुचते, की हाच किल्ला सर्वाधिक झपाटलेले हॉटेल म्हणून जाहीर करावा आणि अमेरिकन पर्यटकांना बोलवावे. नोकरमंडळींना सोंगे वाटून दिली जातात, पाहुण्यांची पहिली तुकडी येते, बनावट भुतांचा प्रयोग फसतो, पाहुणे पैसे परत मागू लागतात आणि नेमक्या त्याच वेळी किल्ल्यातली खरी भुते आपल्या नावाने चाललेल्या या भिकार नाटकाने चिडून स्वतः रंगमंचावर उतरतात. पाहुण्यांपैकी जॅक (स्टीव्ह गुटेनबर्ग) हा आपल्या तुटत चाललेल्या संसाराची डागडुजी करण्यासाठी पत्नी शॅरनला (बेव्हर्ली डिअँजेलो) घेऊन आलेला असतो. ती सावकार ब्रोगनची मुलगी असते आणि तिला संसारात नाही तितका रस हॉटेल बुडण्यात असतो. दोनशे वर्षांपूर्वी लग्नाच्या रात्रीच नवऱ्याने भोसकून मारलेली मेरी (डॅरिल हॅना) आणि तिचा तो नवरा मार्टिन (लीअम नीसन) ही दोन भुते तोच खून दररोज रात्री पुन्हा करून दाखवत असतात. जॅक मध्ये पडतो, खुनाची साखळी तुटते, मेरी त्याच्या प्रेमात पडते. शेवटी जिवंत बायको मरून खुनी भुताला मिळते आणि मेलेली बायको जिवंत होऊन जॅकला मिळते. हिशेब चोख जुळतो, पण वैवाहिक समस्येवरचा तोडगा म्हणून त्याची शिफारस कोणत्याही समुपदेशकाने केल्याचे आढळत नाही.

या कथेचा पूर्वार्ध, म्हणजे बनावट भुतांचा भाग, हा भक्कम जमिनीवर उभा आहे, कारण त्यामागे आयर्लंडचा खरा इतिहास आहे. शॅनन विमानतळावर उतरणाऱ्या अमेरिकन प्रवाशांना आजोबा-पणजोबांचा देश दाखवणे हा त्या भागातला जुना उद्योग आहे. शेजारच्या बनरॅटी किल्ल्यात १९६३ पासून ‘मध्ययुगीन’ मेजवान्या झडत आहेत आणि तेथे आजच्या काळातली मुले-मुली पंधराव्या शतकातले कपडे घालून पाहुण्यांना वाढतात व गातात. ड्रोमोलँड आणि ॲशफर्ड हे किल्ले तर आलिशान हॉटेले म्हणूनच जगले. ज्या सरदार घराण्यांना हे जमले नाही त्यांनी छपरे उतरवली, कारण छप्पर असलेल्या इमारतीवर स्थानिक करपट्टी लागत असे आणि छप्पर नसलेल्या इमारतीला शासन भग्नावशेष समजून सोडून देई. तेव्हा प्लंकेटसमोर असलेले पर्याय दिग्दर्शकाने कल्पनेतून काढलेले नाहीत. गळफास, छप्पर उतरवणे आणि अमेरिकन पाहुणे यांतून त्या काळच्या एखाद्या आयरिश किल्लेदाराला निवड करावी लागली असती, तर त्यानेही तिसरा पर्याय बहुधा शेवटीच, आणि तोही हताशपणे स्वीकारला असता.

परदेशी वास्तू उचलून नेण्याची अमेरिकन हौसही काल्पनिक नाही. वृत्तपत्रांचे सम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी १९२५ मध्ये स्पेनमधला बाराव्या शतकातला एक मठ विकत घेतला आणि त्याचे दगड सुमारे ११ हजार पेट्यांत भरून न्यूयॉर्कला रवाना केले. त्या सुमारास स्पेनच्या त्या भागात गुरांमध्ये लाळ-खुरकुताची साथ होती आणि दगड गवतात गुंडाळलेले होते, म्हणून अमेरिकन अधिकाऱ्यांनी सगळ्या पेट्या फोडून गवत जाळले. दगड पुन्हा भरताना मात्र ते ज्या पेटीतून निघाले त्याच पेटीत गेले नाहीत. पुढे पाव शतकाहून अधिक काळ तो मठ ब्रुकलिनच्या गोदामात कोड्यासारखा पडून राहिला आणि १९५०च्या दशकात फ्लोरिडात उभारला गेला तेव्हा काही दगडांना जागाच सापडली नाही. या मठाचा उल्लेख येथे केवळ गंमत म्हणून केलेला नाही, त्याची गरज पुढे पडणार आहे.

चित्रपटातल्या किल्ल्याची निवडही मार्मिक होती. बाह्यदृश्यांत दिसतो तो लिमरिक परगण्यातला ड्रोमोर किल्ला. पाहताक्षणी तो हजार वर्षांचा वाटतो, आणि तसा वाटावा म्हणूनच एडवर्ड विल्यम गॉडविन या इंग्रज वास्तुविशारदाने तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिमरिकच्या अर्लसाठी, म्हणजे तेथील सरदारासाठी, बांधला. प्राचीन आयरिश मठांच्या आवारात असतो तसा गोल मनोराही त्याने त्याला जोडून दिला. भिंती भरभक्कम असूनही ओल इतकी आली की आतल्या भित्तिचित्रांचे काम सोडून द्यावे लागले, आणि १९५०च्या दशकात छप्परही गेले. याचा अर्थ असा, की ज्या चित्रपटात बनावट भुतांचा धंदा आहे त्याची वास्तू मुळात बनावट मध्ययुगीन आहे आणि त्यातली दोनशे वर्षांपूर्वी मेलेली नववधू ज्या इमारतीत भटकते, ती इमारत तिच्या मृत्यूनंतर जवळजवळ ऐंशी वर्षांनी उभी राहिली आहे. भूत वास्तूपेक्षा वयाने मोठे असण्याचे दुसरे उदाहरण सहजासहजी मिळणार नाही. अंतर्भाग इंग्लंडमधील शेपर्टन स्टुडिओत उभारला गेला आणि तो अँटन फर्स्ट यांचे काम आहे. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘बॅटमॅन’च्या कलादिग्दर्शनासाठी त्यांना ऑस्कर मिळाले. या किल्ल्यातली जळमटे, कोसळू घातलेले जिने आणि दमट दालने यांच्याकडे पाहून कुठेही वाटत नाही, की कोणाला काय करायचे आहे हे ठरलेले नव्हते. ठरलेले नव्हते ते इतर सर्व खात्यांत.

या न ठरलेपणाचा पहिला बळी म्हणजे चित्रपटाचा सूर, आणि त्या संज्ञेचा येथे थोडा खुलासा आवश्यक आहे. चित्रपटाचा सूर म्हणजे त्यातले संगीत किंवा विनोदाचे प्रमाण नव्हे. पडद्यावर चाललेल्या गोष्टींपैकी कोणती मनाला लावून घ्यायची आणि कोणती नाही, याविषयी चित्रपट पहिल्या काही मिनिटांत प्रेक्षकाशी करतो त्या अलिखित कराराला सूर म्हणावे. प्रहसनाचा करार असा, की कोणी कितीही उंचावरून पडला तरी त्याचे हाड मोडणार नाही आणि दारे वेळेवर उघडतील; भयकथेचा करार असा, की दार उघडले तर कोणीही मरू शकेल; प्रेमकथेचा करार असा, की मेलाच कोणी तर त्याच्यासाठी रडणे हे प्रेक्षकाचे कर्तव्य राहील. तिन्ही करार आपापल्या जागी उत्तम आहेत आणि एकाच कलाकृतीत एकामागोमाग एकही करता येतात, मात्र तिन्हींत मृत्यूचा दर वेगवेगळा असल्यामुळे एकाच प्रेतावर तिन्ही लागू करता येत नाहीत. ‘हाय स्पिरिट्स’मध्ये नेमके तेच घडते. मेरीचा खून पहिल्यांदा दिसतो तेव्हा तो भयप्रसंग असतो, जॅक आडवा येताच त्याचा विनोद होतो, त्यातून लगेच प्रेमकथा उगवते आणि तोपर्यंत प्रेक्षकाचा हात डोळ्यांवर ठेवावा, पोटावर ठेवावा की खिशातल्या रुमालाकडे न्यावा, या विचारात अर्धवट हवेत राहिलेला असतो. लग्नाच्या रात्री नवऱ्याकडून भोसकली गेलेली आणि दोनशे वर्षे दररोज पुन्हा भोसकली जाणारी स्त्री ही कल्पना मुळात भयंकर आहे. तिच्यावर एखादा अत्यंत गंभीर चित्रपट होऊ शकेल, आणि फार हुशारी असेल तर एखादा अत्यंत काळा विनोदही होऊ शकेल. पण तिचा उपयोग एका अमेरिकन पर्यटकाच्या सुट्टीचे चीज व्हावे म्हणून करायचा, आणि खुनी नवऱ्याचे भूत केवळ रंगेल, गलिच्छ आणि मजेदार म्हणून दाखवायचे, ही हुशारी नाही.

असा सूरपालट अशक्य आहे, असे मानण्याचे कारण नाही, कारण एका आयरिश लेखकानेच तो या चित्रपटाच्या शंभर वर्षे आधी करून दाखवला होता. ऑस्कर वाइल्ड यांची ‘द कँटरव्हिल घोस्ट’ ही कथा १८८७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यातही जुनी वास्तू, अमेरिकन कुटुंब आणि बायकोचा खून करून भूत झालेला नवरा ही सगळी सामग्री आहे. (ड्रोमोरच्या किल्ल्याचे शिल्पकार गॉडविन यांनीच वाइल्ड यांच्या लंडनमधल्या टाइट स्ट्रीटवरील घराची अंतर्गत सजावट केली होती, त्यामुळे या दोन भूतकथांना एक वास्तुविशारद समाईक आहे.) सर सायमन हे वाइल्ड यांचे भूत साखळ्या ओढत रात्री बाहेर पडते तेव्हा घराचे नवे अमेरिकन मालक त्याला आवाज होऊ नये म्हणून साखळ्यांना लावायला तेलाची बाटली देतात, वाचनालयातला शतकानुशतकांचा रक्ताचा डाग त्यांचा मुलगा बाजारातल्या डागनाशकाने पुसून टाकतो आणि भूत तो डाग रोज रात्री पुन्हा काढता काढता, लाल रंग संपल्यावर, मुलीच्या रंगपेटीतला हिरवा रंग वापरण्यापर्यंत खाली येते. या सर्व प्रकारांत एक गोष्ट कायम राहते, ती म्हणजे सर सायमन स्वतःला कधीही विनोदी समजत नाहीत. भीती दाखवणे ही त्यांची कला आहे, तिच्यातले आपले जुने यशस्वी प्रयोग त्यांना तोंडपाठ आहेत आणि उतारवयात प्रेक्षक न उरलेल्या नटाचा सगळा खेद त्यांच्यात आहे. म्हणूनच कथेच्या शेवटी एक मुलगी त्यांच्यासाठी रडते तेव्हा वाचकाला दोन वेगळ्या पुस्तकांची पाने एकत्र शिवल्यासारखे वाटत नाही. बायकोच्या खुनाचे काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. वाइल्ड तो खून रंगमंचावर आणतच नाहीत. तो कित्येक शतके मागे आहे, बायको कधी दिसत नाही, आणि भूत त्या खुनाची जी क्षुल्लक कारणे देते त्यांतून हसू येते ते त्या भुताच्या निर्लज्ज आत्मविश्वासाचे. चित्रपटाने मात्र बायकोला पडद्यावर आणले, तिला पांढरी वस्त्रे दिली, डोळ्यांत पाणी दिले, प्रत्यक्ष सुरा दाखवला आणि मग लोक हसतील अशी अपेक्षा ठेवली.

भुतांच्या विनोदाचा नियम यातून सरळच निघतो, की भूत गंभीर हवे. त्याने आपले काम मनापासून केले पाहिजे, आणि हसायचे ते त्याच्या व जिवंतांच्या अपेक्षा जुळत नाहीत म्हणून. या कसोटीवर ‘हाय स्पिरिट्स’मधली खोटी भुते उत्तीर्ण होतात आणि खरी भुते नापास होतात, हा निकाल विचित्र असला तरी टाळता येत नाही. प्लंकेटची नोकरमंडळी भुताचे सोंग घेताना जिवाच्या आकांताने राबतात, कारण त्यांची नोकरी त्यावर आहे. दोऱ्या अडकतात, वेळा चुकतात, पण त्या गडबडीतही कामावरची निष्ठा दिसते. आयरिश लोकश्रद्धेत बॅन्शी नावाची एक स्त्री-आत्मा आहे, जी ठरावीक जुन्या घराण्यांत कोणाचा मृत्यू जवळ आला की आगाऊ विलाप करते. ती कोणाला मारत नाही, झपाटत नाही, केवळ सूचना देते, त्यामुळे आपल्याकडच्या हडळीशी तिचा घोटाळा करू नये. अशा घरंदाज परंपरेचा किल्ल्याच्या आचारी-वाढप्यांनी पर्यटकांसाठी केलेला खेळखंडोबा खरोखर हसवतो. पण खरी भुते अवतरल्यावर त्यांना कोणताच नियम राहत नाही. त्यांना कधी शरीर असते, कधी नसते. कधी ती शोकमग्न असतात, कधी सर्कशीतली. आणि कथेची काही अडचण झाली की सारी जबाबदारी साउइनवर, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या ज्या रात्री जिवंत व मृत यांच्यातले कुंपण पातळ होते असे जुन्या आयरिश समजुतीत मानले जाते त्या रात्रीवर, टाकून दिली जाते. त्या रात्रीला एवढे काम पूर्वी कोणी लावले नसावे. उत्तरार्धात दृक्‌चमत्कारांचा जो पूर येतो त्यात प्रत्येक चमत्कार आधीच्या चमत्काराची आठवण पुसून टाकतो, आणि शेवटी किल्ला हादरत असताना पडद्याबाहेर मात्र कोणीही हादरत नाही.

याच नियमाचा एक पडताळा मराठीतही मिळतो. ‘हाय स्पिरिट्स’च्या आधी अवघे नऊ दिवस, ९ नोव्हेंबर १९८८ रोजी, अमेरिकेत ‘चाइल्ड्स प्ले’ हा खुनी बाहुल्याचा भयपट प्रदर्शित झाला होता, आणि त्याचीच कल्पना घेऊन महेश कोठारे यांनी १९९३ मध्ये ‘झपाटलेला’ केला. त्या चित्रपटात लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या वाटेल तितका विनोद करू शकला, याचे कारण तात्या विंचू एकदाही विनोद करत नाही. रामदास पाध्ये यांच्या हातातला आणि दिलीप प्रभावळकरांच्या आवाजातला तो बाहुला आपल्या कामात इतका गढलेला असतो की पोट धरून हसणारी मुले रात्री दिवा चालू ठेवूनच झोपत. खर्चाच्या बाबतीत त्याची शेपर्टनच्या किल्ल्याशी तुलना करणे अन्यायाचे होईल, किल्ल्यावर.

नटांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, आणि जेथे कारण आहे तेथे दुःख आहे. पीटर ओटूल हे या चित्रपटातले एकमेव नट असे आहेत की ज्यांना आपण कोणत्या चित्रपटात आहोत हे ठाऊक आहे. दारूत मुरलेल्या, ओघळलेल्या, पण वाक्य टाकताना जराही न ढळणाऱ्या प्लंकेटमध्ये करुणा आणि हास्य यांचे जे मिश्रण चित्रपटभर व्हायला हवे होते ते एकट्या त्यांच्या चेहऱ्यावर झालेले दिसते. त्यांच्या आईच्या भूमिकेत लिझ स्मिथ भुतांविषयी अशा सहजतेने बोलतात की समोरच्याला वाटावे, भुते म्हणजे शेजारचेच बिऱ्हाड. याउलट डोनाल मकॅन आणि रे मकनाली हे डब्लिनच्या ॲबी थिएटरच्या परंपरेतले, आयर्लंडच्या रंगभूमीवरचे अव्वल नट येथे जवळजवळ गर्दीत उभे केले आहेत. त्यांतील मकॅन आदल्याच वर्षी जॉन ह्यूस्टन यांच्या ‘द डेड’मध्ये, मृतांच्या आठवणींनी भारलेल्या एका शांत रात्रीच्या चित्रपटात, मुख्य भूमिकेत होते आणि तेथे एकही भूत न दाखवता येथल्या सगळ्या भुतांहून अधिक काटा आला होता. डॅरिल हॅना यांना वर्षातील सर्वांत वाईट कामांसाठी थट्टेने दिल्या जाणाऱ्या रॅझी पुरस्कारांत सहायक अभिनेत्रीचे नामांकन मिळाले. त्यात आयरिश उच्चारांचा वाटा किती, याची चर्चा येथे नको. मेलेल्या माणसाने दोनशे वर्षांत उच्चार सुधारले नाहीत म्हणून त्याला दोष देता येईल, पण पटकथेने त्या बाईला मरणे, रडणे आणि प्रेम करणे यांपलीकडे चौथे काम दिले असते तर तो दोष कमी जाणवला असता.

हा सूर बिघडला कसा, याचा शोध घेताना दिग्दर्शकाच्या अकुशलतेकडे बोट दाखवता येत नाही. नील जॉर्डन हे मूळचे कथाकार. १९८४ च्या ‘द कंपनी ऑफ वुल्व्ह्‌ज’मध्ये त्यांनी परीकथा, भय आणि कामवासना या तीन निसरड्या गोष्टी एकाच पाटावर बसवून दाखवल्या होत्या, १९८६ च्या ‘मोना लिसा’त गुन्हेगारीपटातून एक हळवी प्रेमकथा काढली होती, आणि पुढे १९९२ च्या ‘द क्राइंग गेम’मध्ये तर चित्रपट अर्ध्यावर आल्यानंतर त्याचे पूर्ण रूप पालटूनही त्या पटकथेसाठी ऑस्कर मिळवले. म्हणजे सूर बदलणे हीच ज्यांची खासियत, त्यांचाच सूर येथे हरवला. याचे स्पष्टीकरण जॉर्डन यांनी नंतर जाहीरपणे दिले आहे: संकलनाच्या टप्प्यावर, म्हणजे चित्रित झालेले तुकडे निवडून व क्रमाने जोडून चित्रपटाला अखेरचे रूप देण्याच्या कामात, चित्रपट त्यांच्या हातातून काढून घेण्यात आला आणि पडद्यावर आला तो त्यांच्या मनातला चित्रपट नव्हे. या ठिकाणी हर्स्ट यांचा मठ आठवावा. दगड सगळे खरे, कोरीव आणि किमती असतील. पण पेट्या फोडून ते भलत्याच पेट्यांत भरले, की समोर उभे राहते त्याला मठ म्हणायचे ते केवळ दगडांच्या आदरापोटी. ‘हाय स्पिरिट्स’मधले पाहुणे बसमधून उतरतात तेव्हा प्रत्येकाची स्वतःची एक कथा सुरू झाल्यासारखी वाटते. संन्यासदीक्षेच्या उंबरठ्यावर असलेला ब्रदर टोनी (पीटर गॅलाघर), त्याला त्या उंबरठ्यावरून मागे ओढणारी मिरांडा (जेनिफर टिली), आणि भुते खरी की खोटी याचा निकाल लावायला सहकुटुंब आलेला परामानसशास्त्रज्ञ माल्कम यांची ओळख सविस्तर करून दिली जाते, आणि पुढे त्यांचे काय झाले हे विचारायचे नसते. हे ते जागा न सापडलेले दगड.

चित्रपटाची खरी विनोदी कथा त्यामुळे पडद्याच्या अलीकडे घडली, असे म्हणणे भाग आहे. कर्जबाजारी आयरिश माणूस अमेरिकन पाहुण्यांना आवडतील अशी आयरिश भुते तयार करतो आणि अमेरिकन पैसेवाला ती वास्तू उचलून आपल्या गावी नेऊ पाहतो, ही गोष्ट एका आयरिश दिग्दर्शकाने अमेरिकन पैशांवर, अमेरिकन तारे घेऊन, अमेरिकन प्रेक्षकांसाठी लिहिली. पटकथेत किल्ला मालिबूला जाण्यापासून वाचतो, चित्रपट मात्र वाचला नाही. उचलून नेलेल्या किल्ल्याची हीच कल्पना रने क्लेअर यांनी १९३५ मध्ये ‘द घोस्ट गोज वेस्ट’ या चित्रपटात वापरली होती, आणि तेथे स्कॉटिश किल्ला खरोखरच भुतासकट फ्लोरिडाला जातो. गंमत अशी, की फ्रेंच दिग्दर्शकाने इंग्लंडमध्ये केलेल्या त्या स्कॉटिश-अमेरिकन भुताचा सूर मात्र आरंभापासून अखेरपर्यंत एकच आहे. तेव्हा अनेक देशांचे हात लागले म्हणून चित्रपट बिघडला, हाही सिद्धान्त टिकत नाही. हात कितीही असोत, ते एकाच चित्रपटाला लागलेले असावेत एवढीच अट आहे.

‘हाय स्पिरिट्स’ पडल्यानंतर दोनच वर्षांनी, १९९० मध्ये, ‘घोस्ट’ या चित्रपटाने जगभरात ५० कोटींहून अधिक डॉलर मिळवले. त्यातही खून होता, विनोद होता आणि मेलेल्या व जिवंत माणसाचे प्रेम होते. फक्त हसवण्याचे काम व्हूपी गोल्डबर्ग यांच्या जिवंत मांत्रिकबाईकडे आणि रडवण्याचे काम मृताकडे, अशी कामाची वाटणी शूटिंगच्या आधी झालेली होती. या वाटणीसाठी गोल्डबर्ग यांना ऑस्करही मिळाले.

जॉर्डन यांच्या मनातला ‘हाय स्पिरिट्स’ आजवर प्रेक्षकांसमोर आलेला नाही, त्यामुळे निकाल द्यायचा तो उपलब्ध चित्रपटावरच, आणि तो प्रतिकूल आहे. तरीही ज्या वाचकाला तो पाहण्याची इच्छा होईल त्याने पहिला अर्धा-पाऊण तास अवश्य पाहावा, खरी भुते येताच उठून चहा टाकावा, आणि पीटर ओटूल यांचा आवाज ऐकू आला की तेवढ्यापुरते परत येऊन बसावे.